झपाटण्याच्या चित्रपटांत डॉक्टर का हरतो?

गेल्या दिवाळीत माझी पुतणी विट्याहून चार दिवस आमच्याकडे सांगलीला राहायला आली होती. एका रात्री घरातले सगळे झोपल्यावर तिने मोबाईलवर भूत उतरवण्याचा एक इंग्रजी चित्रपट पाहिला आणि सकाळी चहाच्या वेळी मला विचारले, "काका, सुरुवातीलाच 'सत्य घटनेवर आधारित' असं आलं होतं. म्हणजे हे कुठंतरी खरंच घडलंय का?" काहीतरी घडले होते, असे मी तिला म्हणालो, पण घडलेले आणि पडद्यावर दिसणारे यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. ते अंतर कसे पडते आणि का पाडावे लागते, हे सांगण्यात ती अख्खी सकाळ गेली, तरीही बरेच सांगायचे राहिले. ते इथे सविस्तर मांडतो.

आधी शब्दांकडे पाहू, कारण या एका अनुभवासाठी आपल्याकडे शब्दांची मोठी श्रीमंती आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यांत 'बाहेरची बाधा' म्हणतात, 'झपाटणे' आणि 'पछाडणे' म्हणतात, आणि 'लागीर' असेही म्हणतात. हा शेवटचा शब्द आताच्या मुलांना एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे प्रेमात पडण्याच्या अर्थानेच ठाऊक असतो, पण त्याचा मूळ अर्थ भुताने धरणे हाच आहे. देवीचा संचार झाला तर त्याला 'वारं' म्हणतात. मांढरदेवच्या काळूबाईचे वारं जिच्या अंगात येते त्या बाईच्या लोक पाया पडतात, तिची ओटी भरतात. आणि त्याच बाईच्या अंगात मेलेल्या सवतीने शिरकाव केला आहे असे ठरले, तर तिला देवऋष्यापुढे बसवतात. मोकळे सुटलेले केस, घुमणे, हेलकावे, बदललेला आवाज ही बाहेरून दिसणारी लक्षणे दोन्हीकडे जवळपास सारखीच असतात, आणि आत कोण आले आहे हे भोवतालची माणसे ठरवतात. देवऋष्याच्या भाषेत बाधा झालेल्या माणसाला 'झाड' म्हणतात, आणि तो झाडाला विचारतो, "कोण हाईस तू? कुठनं आलास? काय पायजे तुला?" यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे भूत बहुधा ओळखीचे असते: विहिरीत जीव दिलेली सून, मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा, वाटणीत फसवला गेलेला चुलता. त्याची काहीतरी मागणी असते, आणि ती कधी नारळ-कोंबड्यावर तर कधी घरच्यांनी दिलेल्या नुसत्या कबुलीवर भागते.

कॅथलिक परंपरेत मात्र आत शिरणारा सैतान असतो किंवा त्याचा साथीदार, म्हणजे देवाचा कायमचा शत्रू. त्याच्याशी देवघेव करता येत नाही. त्याला देवाच्या नावाने आज्ञा करून हाकलावे लागते. नाव विचारण्याची पद्धत तिथेही आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू एका झपाटलेल्या माणसाला नाव विचारतो, तेव्हा आतून उत्तर येते की माझे नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. पण नाव कळल्यावर त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेणे हा विधीचा भाग नसतो. या एका फरकामुळे दोन्हीकडच्या चित्रपटांची घडण वेगळी झाली आहे. पाश्चात्य चित्रपटात पुरोहिताची श्रद्धा टिकते की नाही हा प्रश्न असतो, आणि भारतीय चित्रपटात मेलेल्याला न्याय मिळतो की नाही हा.

या प्रकारच्या चित्रपटांचा साचा ज्याने पक्का केला तो 'द एक्झॉर्सिस्ट' डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. विल्यम फ्रीडकिन हा त्याचा दिग्दर्शक, आणि विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१ च्या कादंबरीवर तो बेतलेला होता. ब्लॅटी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकत असताना, १९४९ मध्ये, मेरीलँड राज्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलावर झालेल्या विधीची बातमी वर्तमानपत्रात आली होती. त्या मुलावर पुढे सेंट लुईसमध्येही विधी झाले, आणि तिथल्या पुरोहितांपैकी एकाने त्याची दैनंदिनी लिहून ठेवली. अंगावर उठणारे ओरखडे, हलणारी खाट, शिव्या, थुंकणे अशा नोंदी तीत आहेत. मुलगा बरा झाला आणि पुढे चारचौघांसारखे आयुष्य जगला. या चित्रपटामागची 'सत्य घटना' एवढीच आहे. ब्लॅटींनी मुलाची बारा वर्षांची मुलगी केली, तिची आई घटस्फोटित अभिनेत्री केली, आत शिरणारा म्हणून मेसोपोटेमियाच्या प्राचीन पुराणांतला पाझुझू हा राक्षस घेतला, आणि आईच्या मृत्यूने खचलेला, श्रद्धा डळमळलेला एक तरुण पुरोहित उभा केला. तो पुरोहित मनोविकारतज्ज्ञही आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

भीती कशी घडवली गेली तेही सांगायला हवे, कारण त्यात अफाट मेहनत आहे. मुलीच्या खोलीत सर्वांच्या तोंडातून वाफ निघताना दिसते, त्यासाठी खोलीचा सेट खरोखरच शीतगृहासारखा थंड केला होता. मुलीच्या तोंडून येणारा घोगरा, खरवडल्यासारखा आवाज मर्सिडीज मॅकेंब्रिज या ज्येष्ठ अभिनेत्रीचा आहे, आणि तो तसा लागावा म्हणून तिने कच्ची अंडी गिळली आणि एकामागून एक सिगारेटी ओढल्या. माणसाच्या घशात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक घडी असते. घसा आवळून आवाज काढला की ती थरथरू लागते आणि गुरगुरल्यासारखा दुहेरी आवाज येतो. आवाज बदलला म्हणजे आतला माणूस बदलला असे जे आपल्याला वाटते, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा ही घडी असते. ध्वनिपट्टीत मधमाश्यांची गुणगुण आणि डुकरांचे चीत्कार मिसळले होते, पण ते कुठे आहेत हे प्रेक्षकाला वेगळे सांगता येत नाही. गोल फिरणारी मान ही डिक स्मिथ या रंगभूषाकाराने तयार केलेल्या बाहुलीची होती. चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकने मिळाली, आणि पटकथेबरोबर दुसरा पुरस्कार मिळाला तो ध्वनीसाठी. मला तो निवाडा योग्य वाटतो, कारण डोळे मिटले तरी हा चित्रपट थांबत नाही.

आवाजाने घाबरवण्याची ही विद्या आमच्या सांगलीला परकी नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या दरबारात 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी नाटकाला सुरुवात झाली. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी फिरवत प्रवेश करत, आणि त्या आरोळ्यांवरूनच पुढे त्या नाटकांना 'अललडुर्र' हे नाव पडले. समोर ओळखीचा नट आहे हे ठाऊक असूनही पोरे आयांच्या पदराआड लपली असतील. आपण नाटक पाहतो आहोत हे मनाला माहीत असले तरी शरीराला ते कळायला वेळ लागतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. 'द एक्झॉर्सिस्ट'चा मोठा भाग चक्क दवाखान्यांत घडतो. मुलीच्या वागण्यातला बदल पाहून डॉक्टर आधी तिच्या चंचलपणावर गोळ्या देतात. मग कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या भागात बिघाड असावा अशी शंका घेतात. त्यासाठी मानेतून सुई घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात, त्यात रक्ताची चिळकांडी उडते. ही अँजिओग्राफी खऱ्या रुग्णालयात आणि खऱ्या कर्मचाऱ्यांसह चित्रित केली होती. छायाचित्रांत काही सापडत नाही. मनोविकारतज्ज्ञ येतात, त्यांनाही उलगडा होत नाही. आणि शेवटी भूत उतरवण्याचा विधी कोण सुचवतो? डॉक्टरच सुचवतात. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याला झपाटले आहे या समजुतीमुळे मुलगी आजारी असेल, तर आपल्यातून ते बाहेर काढले गेले या समजुतीने ती बरीही होऊ शकेल. आई ज्या पुरोहिताकडे जाते तो मघाचा मनोविकारतज्ज्ञच, आणि तो तिला सांगतो की मनोविकारांची माहिती झाल्यापासून असे विधी मागे पडले आहेत. तो मुलीची परीक्षाही घेतो: साधे नळाचे पाणी पवित्र पाणी म्हणून तिच्या अंगावर शिंपडतो, आणि ती भाजल्यासारखी तळमळते. सूचनेचा परिणाम याहून स्वच्छ कुठे दाखवला असेल असे मला वाटत नाही. तरीही पुढे कथा त्याला विधीकडेच नेते.

याचे कारण कथेच्या रचनेत आहे. मध्यंतराच्या आधी डॉक्टरने गोळी दिली आणि मुलगी बरी झाली, तर पुढचा खेळ उरतच नाही. पुरोहिताला आत येण्यासाठी दार उघडे हवे, आणि ते उघडण्यासाठी आधीचे प्रत्येक दार बंद झालेले दाखवावे लागते. दवाखान्यातली दृश्ये जितकी खरीखुरी, तितके त्यानंतरचे अघटित पटते. म्हणजे डॉक्टरचा पराभव हा वैद्यकशास्त्राबद्दलचा निष्कर्ष नसून पटकथेतला सांधा असतो, जसा तमाशात गवळण झाल्याशिवाय वग सुरू होत नाही तसा. १९७३ नंतरच्या शेकडो चित्रपटांनी तो सांधा जसाच्या तसा उचलला, फक्त दवाखान्याची दृश्ये आखूड करत नेली, आणि आता तर डॉक्टर दोन मिनिटांत "आमच्या हातात काही नाही" असे सांगून निघून जातो. पडद्यावर हे वारंवार पाहिले की तोच जगाचाही क्रम वाटू लागतो, आणि मला काळजी वाटते ती याची.

कारण ज्या चर्चच्या नावाने हे सारे दाखवले जाते, त्या चर्चचा क्रम निराळा आहे. कॅथलिक चर्चने १६१४ मध्ये या विधीचे नियम लिहून काढले, आणि त्यांत पुरोहिताला दिलेली पहिली ताकीद अशी आहे की कुणाला झपाटले आहे यावर त्याने सहजासहजी विश्वास ठेवू नये. न शिकलेली भाषा बोलणे, दूरच्या आणि गुप्त गोष्टी सांगणे, वयाला न शोभणारे बळ दाखवणे अशी लक्षणे त्यात दिली आहेत. १९९९ मध्ये हा विधी नव्याने मांडला गेला, तेव्हा सावधगिरीवर आणि वैद्यकीय मतावर आणखी भर दिला गेला. बिशपच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणत्याही पुरोहिताला तो करता येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या धर्मपंडितांना जी शंका घ्यावीशी वाटली, ती घ्यायला चित्रपटातल्या डॉक्टरला वेळ मिळत नाही.

मग पडद्याबाहेर झपाटल्यासारखे दिसणाऱ्या माणसाला खरोखर काय झालेले असते? याचे एकच उत्तर नाही. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या फेफऱ्यात माणूस कोसळतोच असे नाही. त्याला नसलेला वास येतो, अकारण भीती दाटते, कुणीतरी जवळ असल्यासारखे वाटते, तो पुटपुटतो, कपडे चाचपतो आणि नंतर त्याला यातले काहीच आठवत नाही. झोपेतून अर्धवट जाग येते पण स्वप्नाच्या वेळी सैल पडलेले स्नायू अजून जागे झालेले नसतात, तेव्हा छातीवर कुणीतरी बसले आहे आणि ओरडता येत नाही असा अनुभव येतो, आणि आमच्याकडे त्याला मुंजा बसला म्हणतात. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहींवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, हल्ला करते. सुरुवातीला ताप, डोकेदुखी असते, मग संशय, असंबद्ध बडबड, झटके, तोंडाच्या आणि हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू होतात, आणि शेवटी माणूस निपचित होतो. रुग्णांत तरुण मुलींचे प्रमाण मोठे असते, आणि काहींच्या अंडाशयात गाठ सापडते. वेळेवर ओळखला तर या आजारावर उपचार होतो. चित्रपटातल्या मुलीची लक्षणे आणि ही लक्षणे शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो.

उलट्या कमानीसारखे वाकलेले शरीर हे या चित्रपटांतले ठरलेले दृश्य आहे. त्याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: धनुर्वात. जखमेतून शिरलेल्या जंतूंचे विष स्नायूंना आखडवते आणि माणूस धनुष्यासारखा वाकतो, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि रोगाला त्या आकाराचेच नाव दिले. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाने उन्माद झालेल्या स्त्रियांना तशाच कमानीत वाकलेले नोंदवले, आणि तिथे जंतू नव्हते, मनाचा ताण होता. मला नेहमी वाटते की मराठीने देवीच्या संचाराला 'वारं' आणि आजाराला 'वात' म्हटले, तेव्हा या दोन्हींची सीमारेषा किती पातळ आहे हे तिला ठाऊक असावे.

सर्वांत अधिक वेळा जे आढळते ते मात्र मनाशी संबंधित असते. आपले बोलणे, आठवण, शरीरावरचा ताबा आणि 'मी' ही जाणीव या गोष्टी एरवी एका दोरात ओवल्यासारख्या असतात. असह्य ताणाखाली किंवा तीव्र सूचनेखाली तो दोर सैल पडतो आणि एखादा मणी आपला आपण चालू लागतो. याला मनोविकारशास्त्रात डिसोसिएशन म्हणतात. रात्रभर हलगी आणि संबळ वाजत असेल, उदाचा धूर कोंडला असेल, उपवास असेल, आणि त्यात माणूस जोरजोराने श्वास घेऊ लागला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोके हलके होते, हातापायांना मुंग्या येतात, बोटे आखडतात, आणि हा बदल घडायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, झपाटल्याच्या अवस्थेला स्वतंत्र नाव आहे. पण त्यात एक अट आहे जी मला फार समंजस वाटते: ही अवस्था माणसाला नकोशी असेल आणि ती त्याच्या समाजाच्या स्वीकारलेल्या धार्मिक आचाराचा भाग नसेल, तरच तिला आजार म्हणायचे. जत्रेत अंगात येऊन नाचणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी भांगलायला जाणाऱ्या बाईला हे वर्गीकरण रोगी ठरवत नाही.

माझ्या एका आत्तीला दर अमावास्येला वारं यायचे. तासगाव तालुक्यातले एकत्र कुटुंब, दीर दारुडा, सासू कडक, आणि आत्ती अशी की एरवी तिचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला नाही. वारं आले की ती सासऱ्याला अरेतुरे करायची. एकदा तिने, म्हणजे तिच्या अंगातल्या देवीने, थोरल्या मुलीची शाळा सोडवली तर घराचे वाटोळे होईल असे सांगितले, आणि ती मुलगी दहावीपर्यंत शिकली. आत्ती सोंग करत होती असे मला कधीच वाटले नाही. शुद्धीवर आल्यावर ती पाणी मागायची आणि काय झाले ते इतरांना विचारायची. आय. एम. लुईस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या नोंदी तपासून असे मांडले की अंगात येण्याचा अनुभव ज्यांना बोलण्याचा अधिकार नाही अशांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, जास्त दिसतो, कारण त्या अवस्थेत बोललेल्या शब्दांची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. हे वाचले तेव्हा मला आत्तीचा उंबरा आठवला. चित्रपटांत झपाटली जाते ती बहुतेक वेळा मुलगी किंवा बाईच का, याचेही एक उत्तर इथे आहे. पडद्यावर ती शिव्या देते, वडीलधाऱ्यांचे बिंग फोडते, आणि मग सगळे पुरुष मिळून तिला गप्प करतात, त्याला आपण सुटका म्हणतो.

विधीने कधी कधी माणूस बरा होतो, हेही खोटे नाही. १७७०च्या दशकात दक्षिण जर्मनीत गास्नर नावाचा पुरोहित भुते उतरवण्यासाठी प्रसिद्ध होता. तो आधी आतल्या भुताला लक्षण दाखवण्याची आज्ञा करी, रुग्णाला झटका येई, मग ते थांबवण्याची आज्ञा करी आणि झटका थांबे. १७७५ मध्ये मेस्मर या वैद्याने देवाचे नाव न घेता तोच परिणाम घडवून दाखवला. मेस्मरची स्वतःची उपपत्ती पुढे चुकीची ठरली, पण सूचनेची ताकद तेव्हाच उघड झाली. १९९३ चा 'मणिचित्रताळ' हा मल्याळी चित्रपट, ज्यावरून २००७ मध्ये 'भूल भुलैया' आला, याच खुणेवर उभा आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ जिंकतो, पण गोळ्या देऊन नव्हे. तो मांत्रिकाच्या मदतीने एक खोटा विधी रचतो आणि आजारी नायिकेला तिच्या कल्पनेतल्या शत्रूचा पुतळा मारू देतो. डॉक्टरला जिंकवूनही कथा रंगवता येते हे या चित्रपटाने सिद्ध केले.

ज्या घटनेत डॉक्टर हरला नव्हता, त्याला बाजूला सारले गेले होते, ती घटना जर्मनीतली आहे. फेफऱ्याचे निदान झालेल्या एका तरुण विद्यार्थिनीवर १९७५-७६ मध्ये बिशपच्या परवानगीने ६७ वेळा विधी केले गेले. तिने खाणे सोडले, आणि १ जुलै १९७६ रोजी वयाच्या २३ व्या वर्षी उपासमारीने आणि शरीर कोरडे पडून ती गेली. तेव्हा तिचे वजन ३१ किलोच्या आसपास होते. १९७८ मध्ये तिचे आईवडील आणि दोन पुरोहित यांना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल न्यायालयाने दोषी धरले. २००५ मध्ये या घटनेवर अमेरिकेत चित्रपट निघाला, तोही 'सत्य घटनेवर आधारित' होता. माझ्या पुतणीने पाहिला तो हाच. त्यात न्यायालय आहे, शंकाही आहे, पण रात्री तीन वाजताची भीती इतकी प्रभावी आहे की प्रेक्षक ती घेऊनच घरी जातो, आणि ३१ किलो हा आकडा मागे राहतो.

आपल्याकडे हा प्रश्न हिंदी पडद्यावर गंभीरपणे मांडला तो १९८० च्या 'गहराई'ने. विकास देसाई आणि अरुणाराजे यांच्या या चित्रपटात कुटुंबप्रमुख गावाकडची जमीन विकतो, आणि त्याच्या मुलीच्या तोंडून, म्हणजे पद्मिनी कोल्हापुरेच्या तोंडून, त्याचे जुने पाप बाहेर पडू लागते. तो अश्रद्ध बाप रंगवला डॉ. श्रीराम लागूंनी. लागू मूळचे साताऱ्याचे, पेशाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, आणि प्रत्यक्ष आयुष्यात देवाला निवृत्त करा असे जाहीरपणे सांगणारे. पडद्यावर डॉक्टरांचे उपाय थकताना असहाय उभा असलेला हा बाप पाहताना त्यांची खरी ओळख ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला वेगळीच ओढाताण जाणवते. २००३ च्या 'भूत'मध्ये उर्मिला मातोंडकरच्या अंगात शिरलेल्या बाईला तिचा खुनी हवा असतो, म्हणजे पुन्हा न्यायाचीच मागणी. मराठी चित्रपटाने मात्र हा विषय हसण्यावारी नेला. १९९३ चा 'झपाटलेला' आणि त्यातला तात्या विंचू आठवून आजही मुले हसतात. मला वाटते की ज्या घरांत अंगात येणे दर अमावास्येला घडते, तिथे त्याची भीती दाखवण्यापेक्षा ते हसण्यावर नेणे सोपे गेले असावे.

लागूंबरोबर महाराष्ट्रभर जाहीर वादसंवादाचे कार्यक्रम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही साताऱ्याचेच. त्यांचे वैद्यकीय शिक्षण आमच्या मिरजेत झाले. डॉक्टरकी केली, मग ती सोडून ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उतरले आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरवण्याबद्दल आहे. भूत काढण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, केसांनी बांधणे, चटके देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे गुन्हे आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. पूजा, भजन, कीर्तन, प्रदक्षिणा यांना कायदा हात लावत नाही. माझ्या आत्तीच्या वाऱ्याला त्याने अडवले नसते, पण तिला खांबाला बांधणाऱ्याला अडवले असते. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळाले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली.

हे सारे सांगून झाल्यावर पुतणी म्हणाली, "मग मला तो पहिला पिक्चर दाखवा, पण दुपारी." भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तो पाहायला बसलो. खाट हलली, मान फिरली, घोगरा आवाज आला, तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. बाहुली आहे ना, असे मलाच सांगितले. तिने तोंड फिरवले ते त्याआधी, दवाखान्यात मुलीच्या मानेत सुई शिरते तिथे. आणि चित्रपट संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या तपासणीत काही सापडलं नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी तिला आणखी काही दिवस दवाखान्यातच का ठेवून घेतलं नाही.